आठही रजिस्टरं भरली, म्हणून बग दिसला नाही: डीबगरच्या फ्लोटिंग-पॉइंट चाचण्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याच टीममधलं आहे. ग्राहकाचं, उत्पादनाचं आणि माणसांची नावं काढली आहेत. तांत्रिक तपशील घडला तसा ठेवला आहे, कारण सगळं शिकण्यासारखं त्या तपशिलातच आहे.

आम्ही पुण्यातून एका यंत्रनियंत्रक बोर्डसाठी डीबगिंगची साधनं सांभाळत होतो. बोर्डवर ३२-बिट एक्स८६ प्रोसेसर होता. ऑपरेटिंग सिस्टम नव्हती. अपूर्णांकांच्या (फ्लोटिंग-पॉइंट) गणिताचा मोठा भाग प्रोसेसरमधल्या जुन्या एक्स८७ युनिटवर चालायचा, थोडा नवा भाग एसएसई या नंतरच्या युनिटवर. अभियंत्याच्या संगणकावर जीडीबी हा डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवून आतली अवस्था दाखवणारं साधन) आणि बोर्डवर आम्ही लिहिलेला एक छोटा स्टब, म्हणजे जीडीबीला बोर्डवरून माहिती पुरवणारा प्रोग्रॅम, अशी मांडणी. ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची ठरवलेली जागा, लागला की स्टब सगळी रजिस्टरं (प्रोसेसरमधल्या संख्या ठेवायच्या जागा) गोळा करून सिरियल केबलवरून पाठवायचा आणि जीडीबी ती वाचता येतील अशी दाखवायचा.

एक्स८७ची रचना माहीत नसेल तर पुढचं काही कळणार नाही, म्हणून ती आधी सांगतो. त्यात ८ रजिस्टरं असतात, प्रत्येकी ८० बिटांची. १ बिट चिन्हाचा, १५ घातांकाचे, ६४ मॅंटिसाचे. नेहमीच्या ३२ किंवा ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये मॅंटिसाच्या सुरुवातीचा १ गृहीत धरलेला असतो, लिहिलेला नसतो. एक्स८७मध्ये तो पूर्णांक-बिट म्हणून प्रत्यक्ष लिहिलेला असतो. म्हणजे तो चुकीचाही असू शकतो, आणि त्यातून असे काही आकृतिबंध तयार होतात ज्यांना संख्या म्हणून अर्थच नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ही रजिस्टरं स्टॅकसारखी वापरली जातात. प्रत्यक्ष जागांची नावं आर० ते आर७. प्रोग्रॅम मात्र एसटी०, एसटी१ अशी नावं वापरतो, आणि एसटी० म्हणजे नेमकी कोणती जागा हे स्टेटस वर्डमधले टॉप नावाचे ३ बिट सांगतात. सुरुवातीला टॉप ० असतो. प्रत्येक नवी संख्या टाकताना तो एकाने कमी होतो, त्यामुळे पहिली संख्या आर७मध्ये जाते, दुसरी आर६मध्ये. काटा उलटा फिरतो, हे लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट टॅग वर्डची. तो १६ बिटांचा, प्रत्येक रजिस्टरमागे २ बिट: ०० म्हणजे वैध संख्या, ०१ म्हणजे शून्य, १० म्हणजे विशेष (नॅन म्हणजे 'ही संख्या नाही' अशी खूण, अनंत, डिनॉर्मल म्हणजे शून्याजवळची अतिलहान संख्या, किंवा निरर्थक आकृतिबंध), ११ म्हणजे रिकामं.

आता गाठ इथे आहे. आमचा स्टब एफएक्ससेव्ह ही सूचना वापरायचा. ती एका फटक्यात ५१२ बाइटांत एक्स८७ आणि एसएसई दोन्हींची अवस्था लिहून देते. पण टॅगच्या बाबतीत ती काटकसर करते: दोन बिटांऐवजी एकच बिट, रिकामं की भरलेलं एवढंच. जीडीबीला मात्र जुना १६ बिटांचा टॅग वर्ड लागतो. म्हणून प्रत्येक भरलेल्या रजिस्टरमधला ऐवज बघून वैध, शून्य की विशेष हे स्टबला स्वतः ठरवावं लागतं. आणि एफएक्ससेव्हच्या ५१२ बाइटांत संख्या स्टॅकच्या क्रमाने असतात, एसटी० सगळ्यात आधी. टॅगचे बिट मात्र आर०, आर१ अशा प्रत्यक्ष जागांच्या क्रमाने. आर५चा ऐवज हवा असेल तर ५मधून टॉप वजा करायचा, उत्तर ऋण आलं तर ८ मिळवायचे, आणि त्या क्रमांकाच्या घरात बघायचं.

स्टब लिहिताना ही वजाबाकी राहून गेली. आर५साठी आम्ही सरळ पाचव्या घरात बघत होतो.

अडचण

हे आम्हाला कळायला जवळपास वर्ष गेलं. कळलं ते ग्राहकाच्या एका अभियंत्याच्या मेलमुळे. त्याने 'इन्फो फ्लोट' या आदेशाचं आउटपुट चिकटवलं होतं आणि एका ओळीखाली रेघ मारली होती. त्या ओळीत आर५समोर 'व्हॅलिड' लिहिलं होतं, आणि त्याच ओळीच्या शेवटी 'रिअल इनडेफिनिट (क्यूनॅन)', म्हणजे एक प्रकारचा नॅन. मेलमध्ये एकच प्रश्न होता: "यातलं खरं कोणतं?"

दोन्ही शब्द जीडीबीनेच छापलेले होते, पण वेगवेगळ्या आधारावर. पहिला शब्द तो टॅग वर्ड वाचून छापतो. ओळीच्या शेवटचा शब्द ८० बिट उलगडून स्वतः ठरवतो. ८० बिट बरोबर पोचत होते. टॅग आमच्या स्टबने बनवलेला होता.

नुसत्या वाचणाऱ्याला हा गोंधळ एवढ्यावरच थांबला असता. पण त्या अभियंत्यांनी एक स्क्रिप्ट लिहिली होती. नियंत्रण-लूपमध्ये कुठेतरी नॅन जन्माला येत होता, तो नेमका कुठे हे शोधायला ती दर ब्रेकपॉइंटला टॅग वर्ड तपासायची आणि कोणतंही रजिस्टर 'विशेष' दिसलं की थांबायची. ती रात्रभर चालली आणि एकदाही थांबली नाही. त्यामुळे नॅन एक्स८७मध्ये तयार होतच नाही, एसएसईच्या भागात होतो, असा निष्कर्ष काढून त्यांनी तीन दिवस चुकीच्या फायली वाचल्या. याचं मला अजूनही वाईट वाटतं. डीबगरने चूक दाखवली तर माणूस शंका घेतो. डीबगर गप्प राहिला तर माणूस पुढे जातो.

आमची पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. चाचण्या हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, होत्या. फ्लोटिंग-पॉइंटच्या दोन चाचण्या दर रात्री बोर्डवर चालायच्या. पहिलीत युनिट नव्याने सुरू करून सगळी रजिस्टरं रिकामी दिसतात का ते बघायचं. दुसरीत आठही रजिस्टरं आठ वेगवेगळ्या संख्यांनी भरायची आणि आठही 'व्हॅलिड' दिसतात का, आकडे बरोबर येतात का ते बघायचं. रिकामं आणि पूर्ण भरलेलं, दोन्ही टोकं तपासली म्हटल्यावर आमचं समाधान झालं होतं. स्टबमध्ये बग असेल यापेक्षा ग्राहकाने जुना जीडीबी वापरला असेल असंच आम्हाला वाटलं, आणि पहिला दिवस आवृत्त्या जुळवण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी चाचण्या बघणारी सहकारी माझ्या टेबलापाशी आली. तिच्या हातात त्या मेलची प्रिंट होती.

"मला एक सांग," ती म्हणाली, "आठ संख्या टाकल्यावर टॉप किती होतो?"

मी बोटांवर मोजलं. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य.

"आणि एकही न टाकता?"

शून्य.

आमच्या दोन्ही चाचण्या टॉप ० असतानाच्या होत्या. वजाबाकी करायची विसरलेला कोड टॉप ० असताना बरोबरच उत्तर देतो, कारण शून्य वजा केलं काय आणि न केलं काय, सारखंच. एक ते सात संख्या टाकल्या असत्या तर टॉप हलला असता. आम्ही नेमक्या त्या दोनच स्थिती निवडल्या होत्या जिथे ही चूक दिसूच शकत नाही. आणि त्या निवडल्या होत्या त्या सगळ्यात कसून म्हणून.

ग्राहकाच्या बोर्डवर काय झालं होतं तेही आता उलगडलं. ब्रेकपॉइंटला स्टॅकवर तीन संख्या होत्या, म्हणजे टॉप ५, आणि आर५मध्ये नॅन. स्टब पाचव्या घरात बघत होता. पाचवं घर म्हणजे एसटी५, म्हणजेच प्रत्यक्षात आर२. आर२ रिकामं होतं, पण रिकामं म्हणजे पुसलेलं नव्हे. संख्या काढून घेतली तरी जुने बिट तिथेच राहतात, फक्त टॅग बदलतो. आधीच्या हिशोबातली एक साधी संख्या तिथे पडून होती. स्टबने ती पाहिली आणि आर५वर 'वैध'चा शिक्का मारला.

पर्याय

त्या दुपारी आम्ही चौघं बसलो. चार मार्ग पुढे आले.

पहिला, टॅग वर्ड पाठवणंच बंद करायचं आणि ग्राहकाला सांगायचं की ८० बिट बघा, टॅगवर विसंबू नका. हे त्याच दिवशी करता आलं असतं. पण जीडीबीच्या रजिस्टर-यादीत टॅगची जागा आहे. तिथे खोटं काही भरण्यापेक्षा 'उपलब्ध नाही' कळवावं लागलं असतं, आणि लोकांच्या स्क्रिप्ट मोडल्या असत्या. शिवाय यात बग तसाच राहतो.

दुसरा मार्ग मला स्वतःला आवडला होता. एफएक्ससेव्हऐवजी जुनी एफएनसेव्ह वापरायची. ती पूर्ण १६ बिटांचा टॅग वर्ड देते आणि तो प्रोसेसर स्वतः काढतो, म्हणजे आमचा हिशोबच नको. अडचण अशी की एफएनसेव्ह अवस्था लिहून झाल्यावर युनिट कोरं करून ठेवते, त्यामुळे लगेच ती परत भरावी लागते. आणि एसएसईची रजिस्टरं तिच्यात नसतात, ती वेगळी वाचावी लागली असती. ब्रेकपॉइंटच्या वाटेवर, व्यत्यय बंद असताना, एवढी उठाठेव नको असं फर्मवेअर बघणाऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं पडलं. ते बरोबर होतं.

तिसरा, जीडीबीच्या सोर्समधला हाच हिशोब उचलायचा. जीडीबीच्या एक्स८७साठीच्या फाइलमध्ये हे रूपांतर व्यवस्थित लिहिलेलं आहे: टॉप काढायचा, जागेच्या क्रमांकात ८ मिळवून टॉप वजा करायचा, ८ने भागून बाकी घ्यायची. जीडीबीसोबतच्या जीडीबीसर्व्हर या प्रोग्रॅममध्येही तोच हिशोब स्वतंत्रपणे आहे. पण जीडीबी जीपीएल परवान्याखाली येतो (त्यातला कोड घेतला तर आपला कोडही खुला करावा लागू शकतो) आणि आमचा स्टब ग्राहकाच्या बंद फर्मवेअरचा भाग होता. म्हणूनच आम्ही पहिल्यापासून तो कोड न उघडता प्रोसेसरच्या मॅन्युअलवरून लिहीत होतो. ती शिस्त मोडायची नाही असं ठरलं.

चौथा, आपला हिशोब दुरुस्त करायचा आणि चाचण्या मुळापासून नव्या लिहायच्या. हाच निवडला. एक गोष्ट निर्णयाला मदत करणारी होती: बग फक्त दाखवण्यापुरता होता. रजिस्टरं परत लिहिताना १६ बिटांच्या टॅगमधून पुन्हा एकेक बिट होतो, ११ असेल तर रिकामं, बाकी काहीही असलं तरी भरलेलं. वैध-शून्य-विशेष यांतला घोळ तिथे गळून पडतो. म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला धक्का लागलेला नव्हता, आणि घाईने अर्धवट दुरुस्ती सोडण्याची गरज नव्हती.

पहिली दुरुस्ती, आणि ती का फसली

तरीही घाई झाली. संध्याकाळपर्यंत मी एका ओळीची दुरुस्ती लिहिली आणि सोबत नवी चाचणी. रिकामी आणि भरलेली स्थिती होतीच, म्हणून मधली घेतली: चार संख्या टाकायच्या. जुना कोड चाचणीत लाल झाला, नवा हिरवा. लाल ते हिरवा हा प्रवास झाला की काम झालं असं आपल्याला वाटतं. मलाही वाटलं.

दुरुस्तीत मी वजाबाकीऐवजी बेरीज केली होती.

चार संख्या टाकल्यावर टॉप ४ असतो. आठ घरांच्या वर्तुळात चार घरं पुढे गेलो काय आणि चार घरं मागे आलो काय, पोचतो एकाच जागी. चुकीचं चिन्ह आणि बरोबर चिन्ह यांत फरक नसण्याच्या जागा दोनच, ० आणि ४. रिकामं, अर्धं, पूर्ण: माणसाला सहज सुचणाऱ्या तिन्ही स्थिती त्या दोन जागांवरच पडतात.

हे दुसऱ्या दिवशी सकाळी कोड तपासताना सापडलं, तेही योगायोगाने नव्हे. त्याच सहकारीने फळ्यावर आठ घरांचं वर्तुळ काढलं होतं आणि तीन संख्यांचं उदाहरण हाताने सोडवलं होतं. पहिली १, दुसरी ०, तिसरी नॅन. आर७पासून आर०पर्यंत टॅग असा यायला हवा: ०० ०१ १० ११ ११ ११ ११ ११. नुकत्याच चालू केलेल्या बोर्डवर, बाकीची रजिस्टरं शून्य असताना, मूळ बगवाला कोड ०१ ०१ ०१ असं सुरू होणारं उत्तर देतो. माझी 'दुरुस्ती' ०१ ०१ ०० देत होती: आर५मधल्या नॅनला पुन्हा 'वैध', कारण ती आर७मधला १ बघत होती. ग्राहकाचं लक्षण जसंच्या तसं परत आलं असतं.

आणखी एक गोष्ट तिने दाखवली, ती मला सगळ्यात लागली. एकच संख्या टाकून पाहिली असती तरी दोन्ही चुका पकडल्या गेल्या असत्या. एक संख्या, टॉप ७, आर७ 'वैध' दिसायला हवं. दोन्ही चुकीचे कोड कोऱ्या घरात बघून 'शून्य' म्हणाले असते. सगळ्यात स्वस्त चाचणी आम्ही कधी लिहिलीच नव्हती, कारण ती फार किरकोळ वाटली होती.

केलेली कामं

आता शांतपणे, चार दिवस घेऊन, चाचण्या लिहिल्या.

पहिला प्रश्न होता, बरोबर उत्तर कुणाचं मानायचं. आमचा हिशोब आम्हीच लिहिलेल्या हिशोबाशी ताडून पाहण्यात अर्थ नव्हता. दोन्हीकडे एकच गैरसमज असू शकतो. म्हणून प्रोसेसरलाच साक्षीला बोलावलं. एफएनएसटीईएनव्ही ही सूचना एक्स८७चा २८ बाइटांचा परिसर मेमरीत लिहिते, आणि त्यात पूर्ण १६ बिटांचा टॅग वर्ड असतो, शून्यापासून मोजलं तर आठव्या बाइटपासून. दुसऱ्या पर्यायातली चांगली गोष्ट अशी चाचणीत उपयोगी पडली. चाचणी-प्रोग्रॅम ब्रेकपॉइंटच्या ठीक आधी ही सूचना चालवतो, डीबगर टॅग दाखवतो, आणि दोन्ही बिटागणिक जुळतात का ते बघायचं. एक काळजी घ्यावी लागते: ही सूचना चालल्यावर सगळे अपवाद (गणितातल्या चुकीचे इशारे) झाकले जातात, म्हणून परिसर लगेच परत भरायचा.

दुसरा प्रश्न टॉप कसा फिरवायचा. शून्यापासून आठपर्यंत संख्या टाकून नऊ स्थिती झाल्या. पण स्टॅक पूर्ण भरलेला असताना टॉप शून्याखेरीज काही असेल तेव्हा काय? एक्स८७मध्ये एक सूचना अशी आहे की ती टॉप एकाने हलवते, ऐवज आणि टॅग यांना हात लावत नाही. तिने आठही रजिस्टरं भरलेली ठेवून टॉप आठही जागी नेला. भरताना संख्यांची मांडणी अशी निवडली की ती कितीही घरं फिरवली तरी मूळ मांडणीशी जुळू नये. वैध, वैध, वैध असं ओळीने भरलं तर कुठलंही घर बघितलं तरी उत्तर तेच येतं. आमच्या जुन्या चाचणीतले आठ 'वेगवेगळे' आकडे टॅगच्या दृष्टीने आठ सारखे आकडे होते.

तिसरा प्रश्न संख्या कशा ताडायच्या, आणि इथे जुन्या चाचणीची आणखी एक कमजोरी उघडी पडली. ती आकडे दशांशात ताडत होती, तेही सुरुवातीचे काही अंक जुळले की खूश. ८० बिटांची संख्या दशांशात लिहून हुबेहूब परत मिळवायची तर २१ अंक लागतात. ६४ बिटांच्या डबलला १७ पुरतात. १ अधिक २चा उणे त्रेसष्टावा घात ही संख्या एक्स८७मध्ये नेमकी बसते, पण वाटेत कुठे ती डबलमधून गेली तर सरळ १ होते. सुरुवातीचे सहा अंक बघणाऱ्या चाचणीला दोन्हींत फरक दिसणार नाही. ही भीती पुस्तकी नाही. जीडीबी स्वतः २०१७च्या आधी लक्ष्य-यंत्राच्या संख्या ज्या संगणकावर तो चालतो त्याच्या लाँग डबल या संख्या-प्रकारात बदलून घ्यायचा, आणि ३२-बिट आर्मसारख्या ठिकाणी लाँग डबल ६४ बिटांचाच असतो. त्या वर्षी हा भाग नव्याने लिहिला गेला आणि होस्टवर (जीडीबी चालतो त्या संगणकावर) तसा प्रकार नसेल तर एमपीएफआर ही अचूक गणिताची लायब्ररी वापरायची सोय झाली.

शिवाय संख्या म्हणून तुलना केली की नॅन स्वतःशीही समान येत नाही, आणि उणे शून्य अधिक शून्याशी समान येतं. म्हणून ठरवलं: ताडायचे ते बिट. जीडीबीचा 'इन्फो रजिस्टर्स एसटी०' हा आदेश दशांश आकड्याशेजारी कंसात कच्चे ८० बिट देतो. चाचणी तेच वाचते. दशांश आकडा वेगळ्या ओळीत तपासला जातो, म्हणजे काही लाल झालं तर बिट पोचवण्यात चूक की छापण्यात, हे लगेच कळतं.

नमुने नऊ घेतले: १, उणे शून्य, सगळ्यात लहान डिनॉर्मल, स्यूडो-डिनॉर्मल (घातांक शून्य पण पूर्णांक-बिट १), अनंत, शांत नॅन, सिग्नलिंग नॅन (वापरताच अपवाद उठवणारा), पूर्णांक-बिट नसलेली निरर्थक संख्या, आणि ती १ अधिक किंचितशी संख्या. सगळे ८० बिटांच्या लोड सूचनेनेच भरले. हे महत्त्वाचं आहे, कारण सिग्नलिंग नॅन ३२ किंवा ६४ बिटांच्या लोडने आणला तर प्रोसेसर वाटेतच तो शांत करतो आणि आपण भलत्याच गोष्टीची चाचणी घेत बसतो.

पहिल्याच फेरीत एक नवा बग निघाला. शून्य ओळखताना स्टब दहाही बाइट शून्य आहेत का बघत होता. उणे शून्यात चिन्हाचा बिट १ असतो, म्हणून त्याला 'विशेष' ठरवलं जात होतं. प्रोसेसरची साक्ष ०१ सांगत होती. दोन ओळींची दुरुस्ती.

शेवटी एक काम केलं, जे आता आमच्याकडे रिवाज झालं आहे. चाचण्या हिरव्या झाल्यावर स्टबचा कोड मुद्दाम बिघडवला. टॉप काढून टाकला, वजाची बेरीज केली, पूर्णांक-बिटाची तपासणी उडवली, उणे शून्याची दुरुस्ती मागे घेतली. प्रत्येक वेळी कुठली ना कुठली चाचणी लाल झालीच पाहिजे. पूर्णांक-बिट उडवल्यावर सगळं हिरवंच राहिलं. शोधलं तर निरर्थक संख्येचा नमुना फाइलमध्ये होता, पण टॅगच्या चाचणीत वापरायचा राहिला होता. तो जोडला.

निष्पत्ती

दुरुस्त स्टब ग्राहकाकडे गेला. त्यांची स्क्रिप्ट थांबली ती एका फिल्टरच्या सुरुवातीलाच. पहिल्या दोन नोंदींचा वेळ सारखा आला की शून्याला शून्याने भागलं जात होतं, आणि झाकलेल्या अपवादामुळे प्रोसेसर निमूटपणे 'रिअल इनडेफिनिट' ठेवून पुढे जात होता. कोड एक्स८७चाच होता. ज्या फायली त्यांनी तीन दिवस बाजूला ठेवल्या होत्या त्यांच्यातला.

आम्ही त्यांना काय चुकलं होतं ते सविस्तर लिहून कळवलं, स्क्रिप्ट का गप्प राहिली हेही. काहींना वाटत होतं की 'सुधारित आवृत्ती' एवढंच म्हणावं. पण ज्यांचे दिवस वाया गेले त्यांना कारण कळायला हवं, आणि त्याच स्टबच्या आधारे आधी काढलेले इतर निष्कर्षही त्यांना पुन्हा तपासता यायला हवेत. त्यांनी तसे दोन तपासले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, मेल आला त्या दिवशी आवृत्त्या जुळवण्याऐवजी ती एक ओळ नीट वाचायला हवी होती. 'व्हॅलिड' आणि 'क्यूनॅन' एकाच ओळीत असणं हाच पुरेसा पुरावा होता की दोन माहितींचे उगम वेगळे आहेत आणि त्यातला एक चुकला आहे. जीडीबीत ते दोन शब्द कुठून येतात हे शोधायला अर्धा तास लागतो. कोड स्टबमध्ये घ्यायचा नसला तरी डीबगर कसा वागतो ते समजून घ्यायला कुणाची मनाई नव्हती, आणि स्टब लिहिणारा एक व जीडीबी वाचणारा दुसरा अशी विभागणीही करता आली असती.

पहिली दुरुस्ती मी एकट्याने, संध्याकाळी केली. फळ्यावरचं वर्तुळ आधी काढलं असतं तर बेरीज लिहिलीच नसती. तीन संख्यांचं उदाहरण हाताने सोडवायला दहा मिनिटं लागतात आणि त्यातून चाचणीचं अपेक्षित उत्तरही तयार मिळतं. मी उलट केलं: कोड चालवला, आलेलं उत्तर बरोबर दिसतंय म्हणून तेच अपेक्षित उत्तर म्हणून लिहून ठेवलं.

प्रोसेसरची साक्ष घ्यायची कल्पना पहिल्या वर्षीच सुचू शकली असती. ती फार हुशारीची नाही. पण आम्ही एफएनएसटीईएनव्हीकडे फक्त 'जुनी सूचना' म्हणून पाहत होतो.

एक गोष्ट अजून तशीच आहे. स्यूडो-डिनॉर्मल, म्हणजे घातांक शून्य पण पूर्णांक-बिट १, ही संख्या प्रोसेसर स्वतः कधी तयार करत नाही, पण मेमरीतून आली तर नीट वापरतो. जीडीबीत 'इन्फो फ्लोट' तिची किंमत छापून पुढे 'स्यूडो-डिनॉर्मल' लिहितो. 'प्रिंट' आदेशाने तेच रजिस्टर मागितलं तर 'इनव्हॅलिड फ्लोट व्हॅल्यू' असं उत्तर येतं, कारण त्या वाटेवरची तपासणी घातांक शून्य असेल तर पूर्णांक-बिटही शून्यच हवा असं मानते. यात आमच्या स्टबचा काही संबंध नाही. चाचणीत आम्ही दोन्ही उत्तरं आज येतात तशी नोंदवली आहेत, वर तीन ओळींची टीप लिहून. उद्या त्यातलं एक बदललं तर चाचणी लाल होईल, आणि ती टीप वाचणाऱ्याला निदान हे कळेल की विसंगती आम्हाला दिसली होती आणि ती कोणत्या बाजूची आहे.